नाकवाल्या काकांची कॉफी

गावात गॅस फिटर पुष्कळ, पण नाकवाले काका एकच. बाकीचे फिटर नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघत बसत. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत, मान जराशी वर करत आणि सांगत, "डावीकडचा जोड. वॉशर गेलाय." साबणपाणी त्यांना कमीपणाचं वाटे. "देवानं तोंडाच्या वर हे कशाला बसवलंय? चष्मा अडकवायला?" असं विचारून ते पाना काढत. लोकांचाही स्वतःच्या नाकापेक्षा काकांच्या नाकावर जास्त भरवसा.

त्यांची लेक कॉफीच्या बिया भाजण्याच्या कारखान्यात लागली. नाक वडलांकडून आलंय, असं तिनं मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं म्हणे. तिनं स्वतः भाजलेल्या बियांची पहिली पिशवी साहजिकच घरी आली. "बाबा, हिला संत्र्याच्या सालीसारखा वास आहे. बघा हं नीट."

काकांनी करून बघितली. संत्रं राहू दे, कॉफीचासुद्धा पत्ता नव्हता. नुसतं गरम, कडवट पाणी. आता पोरीला तोंडावर कसं सांगायचं? मग त्यांनी सगळा दोष सामानावर ढकलला.

पहिला बळी मिक्सर. त्याचं पातं बियांचं निम्मं पीठ करतं, निम्मे खडे ठेवतं. पिठाची कॉफी कडू, खड्यांची पाणचट. म्हणून हातानं फिरवायची चक्की आली. तरी तेच. मग शंकूसारखं गाळणं आणि त्यात बसणारे कागद. मग कागदाचीच चव उतरत असेल, म्हणून तो आधी गरम पाण्यानं धुणं. साध्या भांड्यातून पाणी भसकन पडतं, म्हणून बारीक चोचीची किटली. आणि अंदाजानं कुणी टाकतं का पूड, म्हणून ग्रॅम दाखवणारा काटा. चिरायची फळी ओट्यावरून हटत हटत फ्रिजच्या डोक्यावर गेली.

"अहो, एवढ्या सामानात कुणाचं तरी ऑपरेशन होईल," बायको म्हणाली.

"अगं, आपलं पाणीच जड आहे. पाण्यात खोट आहे."

"पाण्यात खोट, कागदात खोट, मिक्सर तर बिचारा माळ्यावर गेला. मला पहिल्या दिवसापासून छान लागतेय."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

हे वाक्य पुढे त्यांच्याच घशात अडकायचं होतं.

रविवारी लेक आली, तेव्हा काकांनी घसा खाकरला. "हे बघ बाळा, बिघाड शोधायची माझी पद्धत एकच. एकेक भाग बदलत जायचं. सगळं बदलून झालं. राहिल्या तुझ्या बिया. राग मानू नकोस, पण शिळ्या आहेत."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. पण ती नाकवाल्याची लेक. भांडायच्या आधी तिनं किटली ठेवली. उकळी आल्यावर जरा थांबली आणि पुडीवर भिजेल इतकंच पाणी सोडलं.

"या इकडे. वाका जरा."

पूड हळूहळू फुगली. तिचा छोटा घुमट झाला आणि त्यावर बुडबुडे येऊन फुटू लागले.

"हे काय?"

"गॅस, बाबा. भाजताना बियांत भरतो तो. शिळ्या असत्या तर कधीच उडून गेला असता आणि पूड चिखलासारखी पडून राहिली असती."

बुडबुड्याला काकांनी आयुष्यभर किंमत दिली नव्हती. पण बुडबुडा खोटं बोलत नाही, हे कुठल्या फिटरला माहीत नसतं? म्हणजे बिया ताज्या. चक्की चांगली, किटली चांगली. बदलायचा एकच भाग उरला होता आणि तो कुठल्या दुकानात मिळत नव्हता.

"डोळे मिटा," लेक म्हणाली. तिनं त्यांच्या नाकाखाली एक कप धरला, मग दुसरा. "यातला कॉफीचा कुठला?"

"दुसरा," काका ठासून म्हणाले आणि डोळे उघडले.

दुसऱ्या कपात नितळ गरम पाणी होतं.

बायकोनं हसायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. "त्या सर्दीपासून," ती पुटपुटली. "मागच्या महिन्यातल्या. तेव्हापासून भाजी करपली तरी बोलत नव्हतात तुम्ही. मला वाटलं, सुधारलात!"

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांची पाचावर धारण बसली होती. परवाच बेकरीवाल्या ताईंनी बोलावलं होतं. भट्टीमागे गॅसचा वास येतोय म्हणाल्या. काका दारात उभे राहिले होते, मान जराशी वर केली होती आणि म्हणाले होते, "काही नाही. तुमचं यीस्ट आंबलंय."

त्यांनी ताईंना फोन लावला. "ताई, मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. दारं सताड उघडी ठेवा. दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावू नका."

"का हो काका? तुम्हीच तर परवा..."

"मी काय म्हणालो ते विसरा हो! आधी बाहेर पडा!"

निघताना त्यांनी भांडी घासायच्या साबणाचा फेस वाटीत कालवून घेतला. लेक बरोबर निघाली. बेकरीच्या दारातच ती थबकली आणि तिनं वडलांचा दंड धरला. "येतोय, बाबा. इथपर्यंत येतोय."

काकांनी जोरात श्वास ओढला. काही नाही. कोरं.

वारा खेळून आतलं सगळं मोकळं झाल्यावर त्यांनी भट्टीमागच्या जोडाला फेस लावला आणि व्हॉल्व्ह क्षणभर सोडला. जोडावर बुडबुडा धरला, वाढला, लिंबाएवढा झाला आणि फुटला. ताई आणि लेक दोघी नाकावर हात धरून मागे सरल्या. काका तिथंच उभे. व्हॉल्व्ह बंद करायलाही लेकीला त्यांना हाक मारावी लागली.

"मला रोज येत होता हो वास," ताई म्हणाल्या. "पण तुमच्या नाकानं नाही म्हटल्यावर मी आपल्याच नाकाला गप्प बसवलं. कामगारांनाही दटावलं, उगीच नाटकं करू नका म्हणून."

वॉशर आजच फाटला, असं म्हणता आलं असतं. ताईंनी मानलंही असतं. काकांनी हातातल्या वाटीकडे बघितलं.

"ताई, माझं नाक गेलंय," ते म्हणाले. "महिना झाला. मला आज कळलं. या महिन्यात ज्यांच्या ज्यांच्या दारात उभा राहून मी नाही म्हणालोय, तिथं सगळीकडे आता परत जायचंय."

ताई मागच्या मोरीत गेल्या आणि साबणाची अख्खी वडी घेऊन आल्या.

"एवढ्याशा फेसानं काय होणार?" त्या म्हणाल्या. "आधी हा जोड नीट करा. मग ही घेऊन निघा."