बारवीच्या जंगलातलं ‘जखमी जनावर’

मंडळी, चार दिवस ज्या फोटोने आपल्या ग्रुपचं डोकं खाल्लं, त्याचं कोडं आज सुटलं. सोडवलं आमच्या भाजीवाल्या सोमीबाईंनी.

बारवीच्या जंगलात आपण झाडाला कॅमेरा बांधलाय. त्यात पहाटे पायवाटेवर एक मोठं कवच दिसलं होतं. खवल्यांवर खवले, डोकं नाही, पाठीवर पांढरा डाग. जखमी खवले मांजर, असं आपण सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. त्याला त्रास नको म्हणून पायवाट बंद करा, असा वनखात्याला द्यायचा अर्ज मीच लिहून ठेवला होता.

आज सकाळी सोमीबाई शेवळं ही रानभाजी घेऊन हेंद्रेपाड्यात आमच्या दारात आल्या. त्यांचा पाडा त्याच बाजूला, म्हणून फोटो दाखवला. त्या हसत हसत पायरीवरच बसल्या.

“आगं बाय, ह्या त माजा इरला हाय.”

इरलं. बांबूच्या सांगाड्यावर पळसाची पानं लावलेलं, पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं. त्याखाली वाकून त्या शेवळं खुडत होत्या. आणि ती पांढरी ‘जखम’? फाटल्या जागी त्यांनी शिवलेली दुधाची पिशवी.

मी अर्जाचं सांगितलं, तर म्हणाल्या, “वाट बंद केली, त तुला शेवला कोन देल?”

अर्ज त्यांच्यासमोरच फाडला. वाट उघडी राहणार, मंडळी. कॅमेरा बांधताना तिथून रोज कोण जातं, हे आपल्यापैकी एकाने तरी विचारलं होतं का?

निघताना सोमीबाई म्हणाल्या, “उद्या वर बगून जाईन. मंग वलखाल ना?”