शेवटच्याचा टायर

आयुष्यात एकाच रेसमध्ये मी शेवटचा आलो नाही. त्याच रेसमध्ये नामदेवचा पाय कायमचा अधू झाला.

नामदेव आज सकाळी अकोल्यात वारला. त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.

फेसबुकवर मी सहसा फुलांचे फोटो टाकतो. आज हे लिहितोय. तरुण मित्रांनी सांभाळून घ्यावं.

बासष्ट-त्रेसष्टचं साल असेल. मी अमरावतीला शाळेत मराठी शिकवायचो. नामदेव बडनेऱ्याला रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा. एक दिवस इंजिनाचा ड्रायव्हर व्हायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

आमचा एक मोटरसायकल क्लब होता. क्लब म्हणजे अमरावती-अकोल्याची सात-आठ माणसं, लष्कराच्या लिलावातल्या जुन्या गाड्या, आणि बडनेऱ्याच्या पुढचा पडीत रानातला गाडरस्ता.

चिखलात चालेल असा, मोठ्या रबरी गाठींचा टायर सगळ्या क्लबात मिळून एकच. गाड्या एकाच मापाच्या, त्यामुळे तो कुणाच्याही मागच्या चाकाला बसायचा.

म्हणून आमचा रूल होता. पाऊस झाला की गाठीचा टायर मागच्या रेसमध्ये शेवटच्या आलेल्याचा. त्याला नको असेल तर तो म्हणेल त्याचा.

शेवटचा नेहमी मीच.

मी गाडी चालवताना मनात कविता घोळवायचो, चालीवर. नामदेव सगळ्यांना सांगायचा, "मास्तर गाडी नाई चालवत, वर्ग घेऊन राहिला."

त्यामुळे ओल्या रेसला तो टायर मी दरवेळी नामदेवला द्यायचो. मला मिळून उपयोग काय? त्यालाही इतकी सवय झाली होती की स्वतःचा मागचा टायर गुळगुळीत झाला तरी तो बदलायचा नाही.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस रात्रभर पडला. काळी माती अशी झाली होती की चप्पल पाय सोडून तिथंच राहायची.

सकाळी नामदेव आला. पंप आणि लिव्हर घेऊनच.

"काढ मास्तर, टायर काढ."

मी म्हटलं, "या खेपेले मीच लावतो म्हणतो."

"तू? कावून रे बाप्पा?"

"बाबा येऊन राहिले पाहाले."

माझे वडील शेतकरी. गाडी घेतली तेव्हापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. बाजाराला आले की रेस पाहून जाईन, असा निरोप त्यांनी धाडला होता. त्यांच्यासमोर शेवटचं यायचं नव्हतं मला. एवढंच.

नामदेव हसला. "मंग लाव ना. तुहाच हक्क हाय. लावता येते का पण?"

येत नव्हता.

त्यानेच बसवला. चिखलात उकिडवा बसून, माझ्या चाकाला, त्याच्या हातांनी. हवा भरून अंगठ्यानं दाबून पाहिली.

मी त्याच्या चाकाकडे पाहिलं. टक्कल पडलेलं. विचारलं, "तुह्या गाडीचं काय?"

"हळू घेतो."

तो हळू घेणारा माणूस नव्हता. मला ते माहीत होतं.

नाल्याच्या वळणावर तो पडला. गाडी पायावर. मी मागून आलो तेव्हा रस्त्यात तोच होता, चिखलानं भरलेला. त्यानं हात वर केला, हलवला.

मी ते "जा" असं धरलं.

आणि गेलो.

माझ्या मागचे दोघे थांबले. गाडी उचलून त्यांनी त्याला बाहेर काढलं. म्हणून ते माझ्या मागे राहिले. म्हणून मी शेवटचा आलो नाही.

बाबा छत्री घेऊन उभे होते. मी गाडी उभी केली. त्यांनी माझ्या मागे वळणाकडे पाहिलं.

"थो पोरगा पडला ना तिकडं. तुले दिसला नाई का?"

"दिसला."

"मंग?"

मी हँडलवरचा चिखल पुसू लागलो.  बाबा बाजाराची पिशवी उचलून गेले.

नामदेवचा गुडघा परत वाकला नाही. इंजिनावर चढणं संपलं. रेल्वेनं त्याला अकोल्याला पार्सल ऑफिसात बसवलं. रिटायर होईपर्यंत तो लोकांच्या पेट्या-टोपल्यांवर नंबर टाकत बसला आणि समोरून गाड्या जात राहिल्या.

त्यावरून मला बोलला मात्र कधीच नाही. उलट ओळख करून द्यायचा, "हे आमचे मास्तर. यायनं मले एक डाव हरवलं."

सगळे हसायचे. मीही हसायचो. ते हसणं मला अजून आठवतं.

मागच्या दिवाळीनंतर ठरवून अकोल्याला गेलो. विचारायचं होतं, तो हात काय म्हणत होता. जा, की थांब?

तो पाय स्टुलावर ठेवून बसला होता. मी नमस्कार म्हटलं. "जय भीम म्हण ना मास्तर, जीभ झिजते का?" मग म्हणाला, "शाळंतली एखादी कविता म्हण. तुही चाल ऐकून लई दिवस झाले."

मी म्हटली. अख्खी म्हटली. दुसरीही म्हटली. चहा झाला. माझ्या गाडीची वेळ झाली.

नाही विचारलं.

आज दिवसभर वाटत होतं, आता कधीच कळणार नाही. संध्याकाळी उमगलं की कळायचं काही नव्हतंच. हात काहीही म्हणत असो. त्या दोघांनी हाताकडे पाहिलं नाही, माणसाकडे पाहिलं.

मित्रांनो, कमेंटमध्ये "तुमची चूक नव्हती" असं कृपया लिहू नका. टायरचा रूल माझ्या बाजूचा होता. तो मला तेव्हाही पाठ होता.

उद्या पहिल्या गाडीनं अकोल्याला निघतोय. त्याच्या पुण्यस्मरणाचा जलदानविधी होईपर्यंत तिथंच राहीन. पोरीला म्हटलं, काहीतरी काम दे. ती म्हणाली, "काका, या वयात तुम्ही काय करसान? बसा फक्त."

बसेन.

नामदेव, जय भीम.
तुझा मास्तर.