पाहुण्यांना पाठवलेलं लोकेशन

लोकेशन पाठवायचं काम थोरल्या भावाकडे होतं. इस्लामपूरहून पाहुणे मला बघायला येणार होते, आणि कराडच्या पुढे आमच्या वस्तीकडे वळणाऱ्या पाणंदी सगळ्या एकसारख्या. दोन्ही बाजूंना ऊस, मधे चाकोरी. भावाने स्वयंपाकघरात उभं राहून बोट दाबलं आणि तो खुर्च्या पुसायला गेला.

स्लॅबखाली फोनला उपग्रहांचा पत्ता नीट लागत नाही. मग तो आसपासच्या टॉवरांवरून अंदाज बांधतो आणि निळ्या ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ काढतो. म्हणजे, मी ह्यात कुठेतरी आहे. इतका प्रामाणिकपणा माणसांतही सापडत नाही, पण बघतो कोण? भावाने वर्तुळ सोडलं आणि ठिपका पाठवला. तो पडला होता उसापलीकडे, चुलत्यांच्या अंगणात.

ह्या सख्ख्या चुलत्यांशी आमची बोलचाल बंद होती. कारण शेताचा बांध. तो त्यांनी कोरला की आम्ही, हे आता बांधालाच माहीत. सुतक तेवढं दोन्ही घरं पाळत. भावकीतून एक वाकडा शब्द गेला की स्थळ मोडतं. म्हणून चुलत्यांना ह्या पाहुण्यांचा सुगावा लागू नये यासाठी आईने देव पाण्यात ठेवले होते.

वेळ उलटली तरी गाडी येईना. भावाने फोन लावला. मुलाचे वडील म्हणाले, "आवं, पोचलो की आमी. तुमचं चुलतं सोडंनात. चा घेतल्याबिगर जायचं न्हाई म्हणत्यात."

मी साडीच्या निऱ्या उगाच सोडून परत घातल्या. संपलं, असंच वाटलं.

पाहुणे आले ते खुशीत. चुलत्यांनी बांधापर्यंत येऊन वाट दाखवली होती. बसता बसता मुलाचे वडील माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या भावानं लय कौतुक केलं बगा. पोरगी आमचीच हाय, डोळं झाकून करा म्हणालं. शिकलीय, तिला नोकरी तेवढी करू द्या."

मुलगा मान खाली घालून हसला. मला तो आवडला. चहाचा ट्रे ठेवताना मी खिडकीतून उसापलीकडे, चुलत्यांच्या घराकडे बघून घेतलं. वडील सगळं हसून ऐकत होते.

संध्याकाळी पाहुण्यांचा होकार आला. "कळवतो," म्हणून वडिलांनी फोन ठेवला आणि ते आईकडे वळले. "त्यानं जमवलेलं स्थळ? उद्या गावभर सांगत फिरंल, पोरगी मी उजवली म्हणून. न्हाई म्हणून कळवायचं त्यास्नी."

आई कपबशा विसळायला गेली. भाऊ फोनमध्ये डोकं घालून बसला. मुलगा मला पसंत आहे का, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेलं माणूस एकच होतं, आणि त्यांच्या अंगणात पाऊल टाकायची मला मनाई होती.