नाल्यावरचे कोरे बुडखे

"गार्डच लाकडं विकतात रे, मग जंगल राहणार कुठून?"

मुलुंडच्या बसस्टॉपवर माझ्या मागे उभा असलेला माणूस मित्राला सांगत होता. मित्र हसला, "तो चौकीवरचा ना? सस्पेंड झाला साला!"

ते माझ्या मामाबद्दल बोलत होते. मी मागे वळलेसुद्धा नाही. अशा वेळी मला बोलताच येत नाही...

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जायचे. इंग्लिश मीडियमचा शिष्टपणा म्हणा हवं तर. आणि हे घडलं तेही भर सकाळी, लख्ख उन्हात.

मामा मुलुंडच्या डोंगराकडच्या जंगलात फॉरेस्ट गार्ड होता. चोरून तोडलेल्या झाडाचा बुडखा दिसला की गार्डनं त्यावर हातोड्यानं शिक्का उठवायचा. हातोड्याच्या तोंडावर नंबर कोरलेला, प्रत्येकाचा वेगळा. शिक्का नसेल तर गार्डनं डोळेझाक केली असं धरतात. नाल्याच्या वर सागाचे असे कोरे बुडखे त्याच्या साहेबांना सापडले. "मी मारले होते गं शिक्के, साहेबांनी एकदा माझ्याबरोबर वर यावं," मामा एवढंच म्हणत राहिला. साहेबांनी हातोडा काढून घेतला, ऑफिसच्या कपाटात सील करून ठेवला. चौकशी रेंगाळली... आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात मामा झोपेतच गेला.

दिवाळीनंतर मामीनं हट्ट धरला, ती जागा बघायचीच. नवे गार्ड मालवणकडचे, आम्हाला वर घेऊन गेले. बुडखे वाळून करडे पडले होते, कडांना वाळवी लागलेली. पण प्रत्येकाच्या मधोमध शिक्का होता. खोल, पिवळाधमक. मी बोट लावलं – ओलं लागलं. नुकत्या कापलेल्या लाकडाचा वास आला.

"ह्यो परवा नव्हतो हां," गार्ड मागे सरकले. "माझो नंबर दुसरो. बाय, माका ह्यात घेव नको गो..."

मामी खाली बसली आणि शिक्क्यावरून हात फिरवत राहिली. नंबर मामाचाच होता.

गार्डनं फोन केला, तसे साहेब आधी कपाट तपासून स्वतः वर आले. ऑफिसातल्या कपाटाचं सील शाबूत, आत हातोडा धूळ खात पडलेला. कोरे बुडखे त्यांनीच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

कोणी दुसरा हातोडा बनवला असेल? पण मेलेल्या माणसासाठी एवढं कोण करेल? आणि वाळलेल्या लाकडात ओल कुठून आली? आजही मला कळलेलं नाही.

निघताना साहेब मामीला म्हणाले, "वहिनी, शिक्के आहेत असं मी वर कळवतो. त्यांच्या नावावरचा डाग जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तरी समाधान झालं ना?"

मामीनं माझा हात दाबला. गप्प बस, असा. पण माझ्या तोंडून निघालंच –

"मामा होते तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर एकदा वर यायला हवं होतं ना, साहेब."