विठोजींचं मनगट का मोडलं

येलहंक्याच्या जुन्या पेठेत राहणाऱ्या विठोजी शिंप्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले, असं त्यांच्या घरात सांगतात. लढायला आले की फौजेचे अंगरखे शिवायला, हे मात्र विचारू नये. विचारलं की घरातले सगळे पाणी प्यायला उठतात. ते काही असो, इतक्या पिढ्यांत घराण्याची जीभ दुपदरी झाली. विठोजी माप कन्नडात घेतात, घासाघीस कन्नडात करतात, रागावले तरी कन्नडातच. मराठी फक्त बायकोशी, बहिणीशी आणि देवाशी; म्हणजे जिथे आपलं फारसं चालत नाही तिथे.

नोव्हेंबर जवळ आला की गल्लीच्या कर्नाटक राज्योत्सवासाठी कन्नड झेंड्याच्या रंगाच्या लाल-पिवळ्या पताका विठोजीच शिवतात. वडिलांपासूनची रीत. मंडळाचा अध्यक्ष मंजुनाथ. त्याचं कॉफीपुडीचं, म्हणजे कॉफी पावडरीचं, दुकान समोरच. तो दर वर्षी कापड आणून टाकतो आणि दर वर्षी म्हणतो, "विठोजीअण्णा, गेल्या साली अर्ध्या पताका वाकड्या होत्या." विठोजी म्हणतात, "वाकड्या नव्हत्या, तू उलट्या टांगल्यास." एवढं झालं की काम सुरू.

यंदा त्याच सुमाराला सीमेकडे कुठेतरी बसवर दगड पडले आणि त्याचे व्हिडिओ फोनाफोनांतून फिरले. एका दुपारी विठोजी पताका शिवता शिवता होसकोट्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होते. बहिणीला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर आणि आवाज टिपेला. स्कूटरवरून जाणारी तीन अनोळखी पोरं थांबली. "इथलं खाऊन बाहेरची भाषा? मराठ्यांना इथे जागा नाही!" विठोजींनी अस्खलित कन्नडात "काय पाहिजे रे बाळांनो?" असं विचारलं, पण तोवर एकानं त्यांना स्टुलावरून ओढलं होतं. उजवं मनगट उंबऱ्याच्या दगडावर आपटलं, वर एक लाथही बसली. मशिनच्या सुईखाली लाल-पिवळं कापड तसंच होतं. पोरांना ते दिसलं नाही. किंवा दिसलं तरी त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता.

मंजुनाथ हातातलं पितळी माप घेऊनच धावला. पोरं पळाली, स्कूटरच्या नंबरावरून दुसऱ्या दिवशी सापडली. विठोजींना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं तेही त्यानंच.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला, तेव्हा मंजुनाथ खाली औषधं आणायला गेला होता. आणि विठोजींनी चूक केली. भाषेवरून मारलं म्हणावं, तर 'कन्नडवाल्यांनी मारलं' असा अर्थ होणार. ज्यानं उचलून आणलं तोही कन्नडवालाच. तो औषधं घेऊन वर आला की त्याच्या तोंडाकडे कसं बघायचं? म्हणून म्हणाले, "स्कूटर लावण्यावरून बाचाबाची झाली, साहेब."

घरी आल्यावर मुलानं, प्रणीतनं, हा शहाणपणा उचलून धरला. प्रणीत महादेवपुऱ्याच्या आयटी कंपनीत आहे. पुण्याच्या पोरांत राहून त्याचं मराठी इतकं सुधारलंय, की घरच्यांना ते कळेनासं झालंय.

"ॲक्च्युअली बरोबरच केलंत, अप्पा. पैशासाठी मोडलं काय नि भाषेसाठी मोडलं काय, प्लास्टर एकच. मग शिक्षा वेगळी का? आता तर द्वेषाच्या गुन्ह्यांना वेगळा कायदा पाहिजे म्हणून चर्चा चाललीय. उद्या कुणी चिडून एक शब्द बोललं की त्याला आत टाकतील. असले कायदे शेवटी आपल्यासारख्यांवरच उलटतात."

विठोजींनी मान हलवली. मुलगा शिकलेला, शिवाय त्यांच्याच बाजूनं बोलत होता; असा योग घरात क्वचित येतो.

कौशल्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "सकाळी भाजीला गेले होते. धाकटी जाऊ भेटली. आम्ही काय बोललो सांगू?"

"काय?"

"काय ते सोडा. कन्नडात बोललो. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. ती इकडेतिकडे बघत होती, मी तिकडेइकडे. तुमच्या बहिणीनं परवापासून फोन केला नाही, ध्यानात आलं का? स्कूटरवरून भांडण झालं असतं, तर आम्ही स्कूटर नीट लावली असती. आता काय नीट लावायचं? मनगट तुमचं एकट्याचं मोडलं हो, तोंडं आम्हा सगळ्यांची बंद झाली."

प्रणीतनं फोन काढला आणि त्यात काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं बघू लागला.

विठोजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. खरं सांगावं, तर गल्ली दुरावेल. खोट्यावर राहावं, तर घर मुकं होईल. आणि दोन्ही नुकसान कापडासारखं जोड देऊन भरून निघणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुनाथ आला तो चप्पल न काढताच आत आला. त्यालाही साक्षीसाठी बोलावणं होतं, आणि ठाण्यात फोन केल्यावर त्याला जबाब कळला होता.

"स्कूटर?" तो ओरडला. "विठोजीअण्णा, स्कूटर? माझ्या कानांनी ऐकलंय मी ते काय म्हणाले ते!"

"अरे, मंडळाचं नाव... सण तोंडावर आलाय..."

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मी त्यांच्या बाजूचा?"

विठोजींना खरं तर तसं वाटलं नव्हतं. पण वाटलं नसतं, तर खोटं का बोलले असते?

"त्यांनी तुम्हाला एकदा मारलं," मंजुनाथ म्हणाला, "आणि मला तुम्ही मारलंत."

हे बोलून तो स्वतःच गोंधळला, आणि कौशल्याबाईंनी पुढे केलेल्या स्टुलावर बसला. प्रणीतनं त्यालाही आपला मुद्दा ऐकवला: माणसाच्या मनात काय होतं, हे कायद्यानं कशाला बघायचं?

"तेही खरंच," मंजुनाथ म्हणाला. "मनातलं बघून शिक्षा द्यायची, तर माझी बायको मला रोज आत टाकेल. पण बाबा, इथे मनात शिरायचंच कुठे आहे? मन उघडं करून, भर रस्त्यात ओरडून गेलेत ते. पुऱ्या गल्लीनं ऐकावं म्हणूनच ओरडले. मग पोलिसांनीच तेवढं ऐकायचं नाही का?"

प्रणीतनं अप्पांच्या चपला उंबऱ्याशी आणून ठेवल्या.

ठाण्यात भव्या नावाच्या तरुण फौजदारबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यजमान्रे, आधी खोटं का सांगितलंत?"

"भीड पडली, मॅडम."

"कुणाची?"

विठोजींनी प्लास्टरचा हात मंजुनाथकडे केला. "ह्याची."

मंजुनाथ छताकडे बघू लागला.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "भाषेवरून पाच जणांनी मिळून हात मोडला, तर त्याचं निराळं कलम आहे. तुमचे तीनच होते."

"म्हणजे दोन कमी पडले?"

"कायद्याला कमी पडले. पण भाषेवरून वैर वाढवल्याचं कलम लागतं का, ते बघता येईल. टिकेल न टिकेल, कोर्टाच्या हातात. शिक्षा वाढेलच, असं मी सांगत नाही."

विठोजींनी थोडा विचार केला. त्या पोरांचे चेहरे त्यांना आठवत होते. त्यातल्या एकाला तर अजून नीट मिसरूडही नव्हतं. त्यानं जन्मभर आत सडावं, असं त्यांना वाटत नव्हतं.

"शिक्षा किती द्यायची ते कोर्टानं बघावं, मॅडम. कमी दिली तरी सरी, चालेल. पण कारण खरं लिहा. हात कशानं मोडला, हे डॉक्टरनं लिहिलंय. का मोडला, तेही कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. नाहीतर माझ्या बायकोला वाटेल, सरकारलाही ती स्कूटरच वाटली."

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. ते शब्द दुसऱ्यांदा ऐकताना विठोजींचे कान तापले. पण या वेळी ते एकटे ऐकत नव्हते. खाली साक्षीदार म्हणून मंजुनाथनं सही केली, वडिलांच्या नावासकट, चांगली ठसठशीत.

बाहेर आल्यावर विठोजींना काहीतरी म्हणावंसं वाटलं. 'धन्यवाद' हा शब्द त्यांच्या घरात कुणी वापरत नाही. तो बँकेच्या फोनवर ऐकू येतो. शेवटी ते म्हणाले, "चल, कॉफी घेऊ."

"म्हणजे मीच पाजायची. तुमचा हात खिशात जातोय कुठे?"

"मग तू काय अध्यक्ष नावालाच?"

कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात दोघं कॉफी घेऊन उभे राहिले. विठोजींनी पेला डाव्या हातात घेतला. तो स्वल्प कलंडला. मंजुनाथनं खालून बोटं लावली, आणि कॉफी संपेपर्यंत, जणू तो हात आपला नाहीच, असा रस्त्याकडे बघत राहिला.