तारा उतरवून घे

नाशकात त्या काळी कोरी गिटार घेणारे थोडेच. बाकीच्यांच्या गिटारी एकमेकांत फिरत. कुणाला नोकरी लागली किंवा कुणाचं लग्न ठरलं, की एक गिटार मोकळी व्हायची आणि ती बातमी भद्रकालीतल्या लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यांत आधी पोचायची. सत्तरचं दशक संपता संपता मलाही माझ्या गिटारीची बातमी तिथूनच कळली.

विकणारा पंचवटीतला एक कंपाउंडर होता. त्याचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे घाईत होता. गिटार खोळीत घालून देताना म्हणाला, "तारा तेवढ्या उतरवून घे, म्हणजे झालं." तार उतरवणं म्हणजे सूर खाली घेणं, एवढं संगीत मला येत होतं. घरी येऊन मी खुंट्या सैल केल्या, सूर खाली घेतले आणि एक पुस्तक पुढ्यात घेऊन शिकायला बसलो.

आठ महिने बसलो. तार दाबली की बोटाला चीर पडायची. पुस्तकात लिहिलं होतं, सुरुवातीला बोटं दुखतात. मी पुस्तकावर विश्वास ठेवला. मी कारकून होतो त्या वखारीतला एक हमाल एकदा माझा हात बघून म्हणाला, "लाकडं आमी वाहतो अन् घट्टे तुमच्या हाताला?"

मग गावातल्या एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला मुंबईला गेला. मला ती जागा हवी होती. तोवर दुसरं काहीच मला इतकं हवंसं वाटलं नव्हतं. चाचणीला ऑर्केस्ट्राचे मास्तर स्वतः पेटीवर बसले. मोकळ्या तारा मी पेटीशी नीट जुळवल्या, पण बोट ठेवलं की सूर चढायचा. मला ते ऐकू येत होतं. मी म्हणालो, "मास्तर, गिटारीतच काहीतरी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडे," मास्तर म्हणाले. सगळे हसले. मग पेटीचा भाता बंद करून ते जरा हळू म्हणाले, "राग मानू नकोस. पण तुला सुराचा कान नाही. बोटं शिकवता येतात, कान नाही."

मास्तरांची उभी हयात पेटीवर गेलेली. मला ते खरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी लाउडस्पीकरवाल्याला सांगून टाकलं, गिटार विकून टाकायची आहे.

घ्यायला आला तो सिन्नरच्या कारखान्यातला कामगार. भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा. व्यवहार ठरला, मी शब्द दिला. मग त्याने गिटार उजेडाकडे धरली.

"ही पट्टी तशीच ठेवली व्हय?"

"कसली पट्टी?"

"ही हवाईयनची हाय. मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंडी कांडी फिरवून वाजवायची आसंल, तर तारा उंच कराया घालत्यात. बोटानं वाजवायला नाय चालत. दाबली की सूर चढतो." त्याने खुंट्या सैल केल्या आणि मानेच्या टोकाशी तारांखाली बसवलेली बोटभर लोखंडी पट्टी उपसून काढली. तारा खाली बसल्या. "उतरल्या बघा."

कंपाउंडर काय म्हणाला होता ते मला तेव्हा कळलं. मास्तरांचं अंगण सपाट असेल, माझं खरोखरच वाकडं होतं. मला राग आला, आणि तो बराचसा माझाच आला. गिटार परत मागावी असं फार वाटलं. पण शब्द दिला होता, आणि तो तर सूर लावायलाही बसला होता.

त्याने तारा जुळवल्या आणि एक चाल वाजवली. स्वच्छ. माझ्या तोंडून निघून गेलं, "खालून दुसरी तार किंचित चढलीय."

त्याने कान खाली नेला, तार छेडली, खुंटी केसभर फिरवली, पुन्हा छेडली.

"खरंच की," तो म्हणाला. "कान लय चांगला हाय तुमचा."

आणि गिटार खोळीत घालून तो सिन्नरच्या एसटीला गेला.