दाराजवळची जागा

लग्नघरच्या वांग्याच्या भाजीचा वास आला की मला आंधळगावची ती पंगत आठवते. माझा प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीलाच सापडला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन किंवा किरणांचा शेक, असे दोन पर्याय दिले; लघवीवरचा ताबा जाईल या भीतीने मी शेक निवडला. शेक संपून पंधरा दिवस झाले होते, पण लघवीची घाई आवरत नव्हती. पत्रावळीवर गरम भात पडला आणि मला भरल्या पंगतीतून उठावं लागलं. परतलो तेव्हा धाकटा चुलतभाऊ वाढप्यांना ओरडून सांगत होता, “दादाले दाराजवळ बसवा गा, त्याच्या नळाचा वायसर गेला!” पलीकडची बायकांची पंगतही हसली. मी दाराजवळ बसून जेवलो. गेल्या आठवड्यात तोच चुलतभाऊ माझ्या ओसरीवर आला. त्यालाही तोच आजार झाला होता, शेकही नुकताच संपला होता आणि मुलीचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. “दादा, तुहं किती दिवसात थांबलं?” त्याने हळूच विचारलं. “माहं तं अजूनही तसंच हाय,” मी म्हणालो. तो लग्नाची पत्रिका ठेवून उठला. माझं दोन महिन्यांत थांबलं होतं. ते त्याला लग्न आटोपल्यावर सांगेन.